दाराशी ताटकळलेला स्वयंसेवक

गेवराई हे नाव मराठीत एकाच रीतीने लिहिले जाते. इंग्रजीत मात्र त्याची दोन रूपे रूढ आहेत. एकात मध्ये 'ओ' येतो, तर दुसऱ्यात 'व्ही'. बीड या जिल्ह्याच्या नावाचीही जुन्या-नव्या इंग्रजी कागदपत्रांत तीन-चार रूपे आढळतात. त्यात भर म्हणजे जालना जिल्ह्यात बदनापूर तालुक्यात गेवराई बाजार नावाचे दुसरे गाव आहे. दोन इंग्रजी रूपे म्हणजे दोन गावे नव्हेत आणि एकाच नावाची दोन गावे म्हणजे एक गाव नव्हे, हे स्थानिक माणसाला सांगावे लागत नाही. सातासमुद्रापार बसून महाजालाची वर्गवारी करणाऱ्याला ते कळणे अशक्यप्राय असते. जगाच्या सूचीत गेवराईची नोंद अचूक व्हायची, तर ती गेवराईच्या माणसानेच करायला हवी. पण त्या माणसाला सूचीच्या दारातून आत घ्यायचे कोणी, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा सर्वांत मोठा प्रयोग जून १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी सुरू केलेली ही निर्देशिका त्याच वर्षी नेटस्केपने विकत घेतली. पुढे नेटस्केपबरोबर ती अमेरिका ऑनलाइनच्या मालकीची झाली. 'मुक्त निर्देशिका प्रकल्प' किंवा 'डीमॉझ' या नावाने ती ओळखली गेली. त्या काळी याहूची निर्देशिका पगारी संपादकांवर चालत असे आणि महाजालाच्या वाढीपुढे त्यांचे हात अपुरे पडत होते. पगारी मोजके संपादक नकोत, बिनपगारी हजारो हवेत, हा डीमॉझचा विचार होता. तयार झालेली सूची कोणालाही विनामूल्य वापरता येत असे. गूगलने २००० ते २०११ या काळात आपली निर्देशिका याच माहितीवर उभी केली होती. जगातील अनेक भाषांच्या विभागांत मराठीलाही स्थान होते.

परीक्षा आणि प्रतीक्षा

संपादक होण्याची रीत कागदावर सोपी होती. आवडीचा एखादा लहान विभाग निवडायचा, त्या विषयात रस का आहे ते लिहायचे, कोणत्या संकेतस्थळांशी आपला संबंध आहे ते प्रामाणिकपणे जाहीर करायचे आणि त्या विभागात बसतील अशी दोन-तीन संकेतस्थळे नेटक्या, प्रशंसाविरहित वर्णनासह सुचवायची. ज्येष्ठ संपादक अर्ज तपासत, तेही स्वयंसेवकच. निर्णयाला मात्र निश्चित मुदत नव्हती. कोणाला काही दिवसांत उत्तर मिळे, कोणाला काही महिन्यांनी, तर कोणाला मिळतच नसे. नकार आला तर तो बहुधा साचेबंद मजकुराचा असे. नेमके काय चुकले, हे त्यावरून उमगत नसे. स्वीकार झालाच, तर एका छोट्या विभागापुरते अधिकार मिळत आणि पुढच्या प्रत्येक पायरीसाठी नवा अर्ज करावा लागे. चार महिने एकही नोंद केली नाही, तर खाते बंद होई.

आता ही रीत गेवराईसारख्या तालुक्याच्या गावाला लावून पाहावी. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत येथील एखाद्या शिक्षकाने किंवा पदवीधर तरुणाने असा अर्ज करायचे ठरवले असते, तर त्याच्यापुढे कोणत्या अडचणी आल्या असत्या? पहिली अडचण लहान विभागाची. विभाग असायला त्यात संकेतस्थळे हवीत आणि ती शोधून नोंदवायला आधी संपादक हवा. ज्या गावाविषयी महाजालावर फारसे काही नाही, त्याचा विभागच नाही; आणि विभाग नाही म्हणून अर्ज कोठे करायचा, हेही ठाऊक नाही. दुसरी अडचण लिपीची. मराठी वृत्तपत्रांच्या ऑनलाइन आवृत्त्या तेव्हा आपापले स्वतंत्र फाँट वापरत. तो फाँट संगणकात नसेल, तर पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोड उपलब्ध होते, पण विंडोज एक्सपीवर देवनागरी नीट दिसण्यासाठी वेगळी सोय सुरू करावी लागे. सायबर कॅफेच्या संगणकावर ती असेलच, याची शाश्वती नव्हती. तिसरी अडचण परीक्षकांची. ज्या भाषेत संपादक थोडे, त्या भाषेतले अर्ज जाणतेपणाने तपासू शकणारेही थोडेच असणार. म्हणजे जिथे स्वयंसेवकांची गरज सर्वाधिक, तिथेच दार सर्वांत अरुंद, असा हा विपरीत न्याय होता.

संशयाचे मूळ

याचा दोष केवळ आडमुठेपणाला देणे न्याय्य ठरणार नाही. डीमॉझमधील नोंदीची पुनरावृत्ती असंख्य संकेतस्थळांवर होत असे. त्यामुळे शोधयंत्रांत वरचा क्रमांक मिळवू पाहणाऱ्या व्यापाऱ्यांच्या दृष्टीने अशा एका नोंदीलाही मोठे मोल आले. आपले संकेतस्थळ आत घालायचे आणि प्रतिस्पर्ध्याचे बाहेर ठेवायचे, एवढ्याच हेतूने संपादक होऊ पाहणारे अनेक होते. आत असलेल्या काही संपादकांवरही पक्षपाताचे आरोप झाले. परिणामी प्रत्येक अर्जदाराकडे संशयाने पाहण्याची सवय जडली. लबाडाला अडवण्यासाठी उभारलेल्या भिंतीने प्रामाणिक माणूसही अडला. लबाड मात्र नाउमेद होत नाही. त्याचा आर्थिक लाभ गुंतलेला असल्याने तो पुन्हा पुन्हा अर्ज करतो. हौसेने आलेला माणूस एका नकारानंतर परत फिरतो, तो कायमचाच. कठोर चाळणीचा हा सर्वांत मोठा आणि सहसा हिशेबात न धरला जाणारा तोटा आहे.

पुढचा क्रम अटळ होता. नवे संपादक कमी येऊ लागले, जुने थकले आणि तपासणीविना पडून राहिलेल्या नोंदींचे ढीग वाढले. ऑक्टोबर २००६ मध्ये सर्व्हर कोसळला आणि सुमारे दोन महिने संपादनाचे काम ठप्प झाले. दरम्यान शोधयंत्रे इतकी सरस झाली की निर्देशिका चाळण्याची सवयच सुटली. याहूची निर्देशिका २०१४ च्या अखेरीस आणि डीमॉझ १७ मार्च २०१७ रोजी बंद झाली. तेव्हा तिच्यात सुमारे ३८ लाख संकेतस्थळे आणि १० लाखांहून अधिक विभाग होते. तिच्या संपूर्ण आयुष्यात ९० हजारांवर लोकांनी तेथे संपादक म्हणून काम केले होते. जुन्या संपादकांनी 'कर्ली' या नावाने तो वारसा पुढे चालवला आहे. पण निर्देशिकांचे ते युग सरले.

विकिपीडियाने नेमका उलटा मार्ग धरला. आधी परीक्षा आणि मग काम, याऐवजी आधी काम आणि मग तपासणी. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया आज एक लाख लेखांच्या घरात आहे, तो याच मोकळेपणामुळे. अर्थात तिथेही सारे आलबेल नाही. गावावर लिहिलेला पहिलाच लेख संदर्भाअभावी काढून टाकला गेला, की नवा लेखक त्याच कडवटपणाने परत फिरतो. फरक एवढाच की त्याला काम करून पाहण्याची संधी तरी मिळालेली असते आणि लेख का काढला, याचे कारण बहुधा नोंदलेले असते.

आपल्या परंपरेचा धडा

सूची करणे हे मराठीला नवे काम नाही. शं. ग. दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची तयार केली. तिचा पहिला भाग १९३७ पर्यंतचा आणि दुसरा १९५० पर्यंतचा आहे. आजही अभ्यासकांचे त्यावाचून चालत नाही. डॉ. श्री. व्यं. केतकरांच्या ज्ञानकोशाचे २३ खंड लोकांकडून भागभांडवल उभारून सिद्ध झाले. या कामांत शिस्त कमी नव्हती. पण ही कामे झाली, ती ध्यास घेतलेल्या माणसाला कोणाच्या परवानगीसाठी थांबावे लागले नाही म्हणून.

आज हा विषय काढण्याचे कारण केवळ स्मरणरंजन नव्हे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. दुसरीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी यंत्रे महाजालावर जे सापडेल, त्यावरूनच भाषा आणि प्रदेश शिकत आहेत. राक्षसभुवन म्हटले की शनीचे देवस्थान सहज सापडेल. पण १० ऑगस्ट १७६३ रोजी तेथे मराठे आणि निजाम यांच्यात झालेल्या लढाईच्या खुणा, तलवाड्याच्या त्वरिता देवीविषयीची लोकस्मृती, ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची बोली हे सारे कोणी नोंदवले, तरच सापडेल. यापुढे जे डिजिटल कोश, नकाशे आणि शब्दसंग्रह उभे राहतील, त्यांना तालुक्या-तालुक्यांतून स्वयंसेवक लागतीलच.

म्हणूनच अशा प्रकल्पांनी काही पथ्ये आरंभापासून पाळायला हवीत. अर्जाला ठरलेल्या मुदतीत उत्तर द्यावे. नकार असेल तर कारण स्पष्ट लिहावे. नवख्याला छोटे काम लगेच द्यावे आणि त्याच्या सोबतीला एक अनुभवी माणूस नेमावा. चाळणी माणसाला लावण्यापेक्षा त्याच्या कामाला लावावी. यांपैकी एकाही गोष्टीला फार पैसा लागत नाही. लागते ती आलेल्या माणसाविषयीची थोडी आस्था. डीमॉझकडे हजारो संपादक होते, बड्या कंपनीचे पाठबळ होते आणि गूगलसारखा ग्राहक होता. तरीही दाराशी ताटकळलेल्यांचा हिशेब तिने ठेवला नाही. मराठीला ती चैन परवडणारी नाही. इंग्रजीत एक स्वयंसेवक परत फिरला, तर दुसरा येतो. गेवराईतून आलेला एकटा माणूस परत फिरला, तर गेवराईची नोंद कदाचित होतच नाही.