बाळाच्या नाकातील नळी



गेल्या महिन्यात कडेगाव तालुक्यातील एका आजींचे पत्र आले. अक्षर नातवाचे, शब्द आजींचे. सून आठवा महिना लागताच बाळंत झाली. मुलगी झाली, वजन १ किलो ६०० ग्रॅम. तिला मिरजेला दवाखान्यात पेटीत ठेवले आहे. आजी बघायला गेल्या तेव्हा बाळाच्या नाकात नळी होती आणि वजन उतरून दीड किलोवर आले होते. पुढे आजी लिहितात, "नाकात नळी घातलेलं माणूस आमच्या आळीत परत आलेलं मी बघितलं नाही. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही असं म्हणतात. त्यात पोरगी. मग घरीच आणावी का? माझ्या मांडीवर तरी राहील."

उत्तर छापून यायला आठवडा जातो, आणि एवढ्याशा जिवाला आठवडा फार मोठा. म्हणून त्याच दुपारी पत्रातल्या नंबरवर फोन केला आणि सांगितले, आणू नका. पण आजींची भीती एकट्या त्यांची नाही. म्हणून आज त्याबद्दलच लिहिते.

आपल्या वस्तीत नाकातली नळी बहुधा म्हाताऱ्या माणसाला लागलेली दिसते. पक्षाघात झालेला, गिळता न येणारा, शेवटच्या दिवसांतला रुग्ण. त्यामुळे नळी म्हणजे शेवट असे मनात बसले आहे. बाळाची गोष्ट उलटी आहे. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तिन्ही क्रियांचा मेळ आईच्या पोटात साधारण ३४ आठवडे भरल्यावर बसतो. त्याआधी आलेल्या बाळाच्या तोंडात दूध ओतले तर ते फुप्फुसात जाऊ शकते. शिवाय चोखण्यातच त्याची शक्ती संपते. नळी त्या मधल्या दिवसांचा पूल आहे. बाळ शिकले की नळी निघते.

आठव्यातले जगत नाही, हे तर साफ खोटे. पोटातला प्रत्येक जादा आठवडा बाळाला बळच देतो. वजन उतरल्याचेही तसेच. पहिल्या आठवड्यात प्रत्येक बाळाचे वजन थोडे घटते, अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे जरा जास्त. साधारण दोन आठवड्यांत ते जन्माच्या वजनावर परत येते.

आणि "त्यात पोरगी" याबद्दल एवढेच, की आजी, तुम्हीही पोरगीच होतात.

नळी घालतात कशी, हे कळले की निम्मी भीती जाते. ती बारीक आणि मऊ असते. परिचारिका आधी बाळाच्या नाकाच्या टोकापासून कानाच्या पाळीपर्यंत, आणि तिथून छातीच्या हाडाचे टोक व बेंबी यांच्या मधोमध असे माप घेते, नळीवर खूण करते आणि तेवढीच आत सरकवते. काही बाळांना ती तोंडातून घालतात. नळी पोटातच आहे याची खात्री प्रत्येक वेळी करतात. मग दट्ट्या काढलेली सिरिंज वर धरून तिच्यात दूध घालतात. दूध आपल्या वजनाने हळूहळू उतरते, ते दाबून ढकलायचे नसते. बाळ ठसकले, निळे पडले तर तत्काळ थांबवतात. म्हणूनच घरी कुणी हौसेने करायचे हे काम नव्हे. टाळू फाटलेल्या किंवा मेंदूला इजा झालेल्या काही बाळांना नळीसकट घरी पाठवतात, पण आईला आधी नीट शिकवून.

दूध सुरुवातीला अगदी थोडे देतात आणि रोज वाढवतात. पूर्ण खुराकावर आलेल्या बाळाला दिवसाला दर किलोमागे साधारण १६० मिली लागते. दीड किलोच्या बाळाला २४० मिली. दर दोन तासांनी पाजले तर एका वेळी २० मिली, म्हणजे चहाचे चार चमचे. एवढ्याने काय होणार, असे वाटते ना? त्याच चार चमच्यांवर ते वाढते.

आता ते चार चमचे कुठून येतात? फोनवर मी आजींना विचारले, सूनबाई कुठे आहेत? "घरात, बाजेवर. बाराव्या दिवसापर्यंत बाहेर काढत नाही आम्ही." बाळ मिरजेला आणि आई कडेगावात! नळीला घाबरणाऱ्या घराने खरी घाबरायची गोष्ट लक्षातच घेतली नव्हती. नळीतून जायला हवे ते आईचेच दूध. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या आतड्याला दुसरे दूध सोसत नाही, जंतुसंसर्ग होतो, आतडे सुजते. आणि दूध काढले नाही तर ते आटते. हात स्वच्छ धुऊन, निर्जंतुक केलेल्या वाटीत, दिवसरात्र मिळून किमान आठ वेळा काढायचे. पहिल्या वेळी वाटीचा तळही ओला होत नाही, तरी सोडायचे नाही. आठवडाभर खंड पडला असला तरी पुन्हा पुन्हा काढत राहिले की बहुधा येते.

ज्या आईला येतच नाही तिच्या बाळासाठी मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. ती आशियातली पहिली. धारावीच्या आयाबायांचा हा दवाखाना. एका आईचे जादा दूध तपासून, ठराविक उष्णता देऊन दुसरीच्या बाळाला देतात. पेढीत कुणाचे दूध कुणाला गेले हे कोणी जातीने विचारत नाही, हे मला फार आवडते.

आजींना बाळ मांडीवर हवे होते. त्यालाही वाट आहे. १९७८ साली कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळे आयांच्या उघड्या छातीला बांधली. कांगारूच्या पिशवीसारखी. बाळे उबदार राहिली, दूधही वाढले. आता आपल्याकडील सरकारी दवाखान्यांतही हे करतात. डॉक्टरांनी हो म्हटले की वडील किंवा आजीही बाळ छातीशी धरू शकतात, नाकात नळी असली तरीसुद्धा. नळीने दूध चालू असताना बाळाला आईच्या रिकाम्या स्तनाशी धरतात. चोखणे आणि पोट भरणे यांची सांगड त्याला तिथे कळते. मग बोंडले किंवा वाटी-चमचा, मग अंगावर.

पूर्ण दिवसांचे बाळही घरी आल्यावर कधी कधी वाढत नाही. अंगणवाडीताईंच्या कार्डावरची रेघ आडवी पडली की दृष्ट काढत, गंडा बांधत बसू नका. पहिले तीन महिने बाळाचे वजन रोज २० ते ३० ग्रॅम वाढावे, पाचसहा महिन्यांत जन्माच्या दुप्पट व्हावे. वाढत नसेल तर कारण शोधावे लागते. बाळ स्तन नीट पकडत नाही, पाणी नि गुटीने पोट भरले जाते, वरचे दूध पातळ करून दिले जाते, ही नेहमीची कारणे. पिताना बाळ दमून घामाघूम होत असेल तर हृदयाला छिद्र असू शकते.

अशा बाळाच्या आईचे दूध आटले असेल तर तीच नळी निराळ्या पद्धतीने वापरतात. नळीचे एक टोक स्तनाग्राशेजारी चिकटवतात आणि दुसरे दुधाच्या वाटीत सोडतात. वाटी स्तनापेक्षा थोडी खाली धरतात. बाळ स्तन चोखते, दूध वाटीतून येते. चोखण्यामुळे काही दिवसांत आईचे दूध परत वाढू लागते आणि वाटीतले कमी करत नेता येते. दवाखान्यात शिकून घ्यावे असे आहे हे.

खर्चाचे म्हणाल तर २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा योजनेत सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचे औषधोपचार आणि जाण्यायेण्याचे वाहन मोफत आहे. पुढे ही सोय एक वर्षापर्यंतच्या बाळांना लागू झाली. १०२ नंबरला फोन करा, आशाताईंना सोबत घ्या.

फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सूनबाई मिरजेला गेल्या. कानाला रुमाल बांधून, आजींसोबत. दोन दिवस वाटीत थेंबच पडले. तिसऱ्या दिवशी अर्धा चमचा. परवा आजींचा फोन आला. वजन १ किलो ८८० ग्रॅम, बोंडल्याने पिते, दिवसातून दोनदा अंगावरही घेते. नळी काढली.

"बाई, ती नळी घरी न्यायला देतील का?" आजींनी विचारले.

कशाला हो?

"आळीत दाखवायला."