वाईट बाईचे काम

गेल्या स्नेहसंमेलनापासून एक विषय मनात घोळत आहे. तो या वार्षिकाच्या पृष्ठांतून विद्यार्थ्यांपुढे, आणि त्यांहूनही अधिक त्यांच्या पालकांपुढे मांडावा, असे वाटते.

संमेलनासाठी एक छोटी नाटिका बसवावयाची होती. तीत सोशिक सून होती, तशीच खाष्ट सासूही होती. सुनेच्या कामासाठी सात मुली पुढे आल्या. सासूच्या कामासाठी एकही नाही. अखेर नववीतील एका मुलीने ते पत्करले, आणि दोनच दिवसांत ती सासू अशी काही उभी केली की, तालीम पाहणाऱ्या मुली हसता हसता गप्प झाल्या. तिसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. गृहस्थ सज्जन, बोलणे अदबीचे. म्हणाले, "बाई, पोरीला वाईट बाईचं काम देऊ नका. लोक तेच ध्यानात ठेवतात. उद्या सोयरिकीचं बघायचंय आम्हाला." नववीतल्या मुलीची सोयरीक हा निराळाच विषय, त्याविषयी त्यांच्याशी माझे स्वतंत्रपणे बोलणे झाले आहे. परंतु कामाविषयी मी त्या दिवशी वाद घातला नाही. घालावयास हवा होता. तो आता घालीत आहे.

लोक तेच ध्यानात ठेवतात, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हे. १९८७ साली दूरदर्शनवर रामायणाची मालिका सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीत एकच दूरचित्रवाणी संच होता. मालिका रविवारी सकाळी, म्हणजे नेमकी आमच्या उपासनेच्या सुमारास. त्यामुळे उपासना संपताच धावत सुटावे, तो बहुधा शेवटचा तुकडाच पदरी पडे. तेवढ्यातही मंथरा दिसली की आम्ही मुले दातओठ खात असू. ती म्हातारी खरोखरीच दुष्ट आहे, याविषयी माझ्या मनात यत्किंचितही शंका नव्हती. तुमच्यापैकी पुष्कळांनी तीच मालिका २०२० च्या टाळेबंदीत घरी पाहिली असेल.

त्या बाईंचे नाव ललिता पवार, हे मला फार उशिरा कळले. १९१६ साली जन्मलेल्या या नाशिक जिल्ह्यातील येवल्याच्या. मूकपटांच्या काळापासून त्या नायिकेची कामे करीत. १९४२ साली एका चित्रीकरणात सहनटाची चपराक जोरात बसली. चेहऱ्याची नस दुखावली आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. नायिकेचा मार्ग तेथेच खुंटला. दुसरी एखादी घरी बसती. यांनी त्याच डोळ्याला कामास लावले, आणि पुढे साठाच्या दशकात हिंदी चित्रपटांतील कजाग सासू म्हटली की प्रेक्षकांच्या डोळ्यांपुढे त्याच उभ्या राहू लागल्या. 'जंगली' (१९६१) मधील न हसणारी आई, 'प्रोफेसर' (१९६२) मधील करड्या शिस्तीची पालक बाई, ही कामे आजही मिळाल्यास अवश्य पाहावीत. 'प्रोफेसर'मध्ये ती कठोर बाई म्हाताऱ्याचे सोंग घेतलेल्या शिक्षकावर भुलते. लोक हसतात, पण त्या हसण्याआड एका एकाकी स्त्रीचे केविलवाणेपणही दिसत राहते. सुनेचे रडणे त्यापुढे सोपे, असे माझे मत आहे. 'अनाडी' (१९५९) मधील त्यांची मिसेस डिसा तर मला विशेष जवळची. हिंदी चित्रपटातील ख्रिस्ती बाई म्हणजे बहुधा थट्टेचा विषय. येथे मात्र भाडेकरूवर डाफरणारी आणि आतून त्याच्यावर आईसारखी माया करणारी घरमालकीण आहे. त्या कामास फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले.

दुसऱ्या शशिकला, या आपल्या शेजारच्या सोलापूरच्या. 'आरती' (१९६२) व 'गुमराह' (१९६३) या दोन चित्रपटांतील कामांसाठी त्यांना लागोपाठ पारितोषिके मिळाली, आणि दोन्ही कामे प्रेक्षकांच्या शिव्या खाणारीच. 'आरती'तील घर फोडणारी जाऊ पाहून हात शिवशिवतात. याच बाई पुढे चित्रपट सोडून कलकत्त्यास गेल्या आणि मदर तेरेसांच्या आश्रमात त्यांनी रुग्णांची सेवा केली. पडद्यावर घर फोडणारे ते हात जखमा धूत होते. २०२१ साली त्या वारल्या.

उलट उदाहरणही सांगते. जयश्री गडकर समूहनृत्यातून वर आल्या. 'सांगत्ये ऐका' (१९५९) मध्ये त्यांनी तमाशातील नर्तकी रंगविली, आणि तो चित्रपट पुण्याच्या विजयानंद चित्रगृहात १३१ आठवडे चालला. त्याच बाई पुढे वर सांगितलेल्या रामायणात कौसल्या झाल्या, तेव्हा घराघरांतून लोकांनी हात जोडले. तमाशाची आठवण कोणाच्या आड आली नाही. सोज्वळ कामही पुन्हा ओझेच असते, हे सुलोचनाबाईंकडे पाहून कळावे: 'जॉनी मेरा नाम' (१९७०) मध्ये त्या देव आनंदांच्या आई झाल्या, वास्तविक वयाने त्यांच्याहून पाच वर्षांनी लहान!

पालकांनी हे ध्यानी घ्यावे की, खाष्ट सासू वठविणाऱ्या मुलीस प्रथम खाष्टपणा बारकाईने पाहावा लागतो: टोमणा कसा मारतात, माहेरचा उद्धार कोणत्या घटकेस करतात, गोड बोलून कसे नाडतात. आमची ती विद्यार्थिनी हे सारे दोन दिवसांत ओळखून बसली होती. ज्या मुलीस उद्या परक्या घरी जावयाचे आहे, तिला हे ओळखता येणे वाईट काय? हुंड्यापायी मुलींचे काय होते, ते आपण वर्तमानपत्रांत वाचतोच. नुसती सोशिक सून वठविण्याची तालीम आपण मुलींस घरोघरी देतच आहोत. तीसाठी वेगळे रंगमंच कशास?

अखेर सासूचे काम मीच केले. दुसऱ्या दिवशी पाचवीच्या वर्गात एका चिमुरड्याने भीत भीत विचारले, "बाई, तुम्ही घरी पण तशाच वागता का?" सारा वर्ग खिदळला. मागील बाकावरून कोणी तरी परस्पर उत्तर दिले, "येडा, ते नाटक होतं!"

पुढील वर्षीच्या नाटिकेतही एक कजाग आत्या आहे. ते काम कोणास द्यावयाचे हे मी ठरविलेले आहे. तिच्या वडिलांना भेटण्यास येत्या रविवारी उपासनेनंतर जाणार आहे.