दाबमापक आणि खारे पाणी

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे गाव आहे. तेथे तिरुप्पालैतुरैच्या शिवमंदिरापाशी नायक राजांच्या काळी बांधलेले एक उंच, वर्तुळाकार धान्यकोठार अद्याप उभे आहे. धान्य आत राहावे आणि ओल बाहेर राहावी, एवढ्याच हेतूने ते बांधले गेले. सागरमापनाच्या उपकरणात जो दाबमापक बसवितात, त्याचे काम याहून बिकट असते. पाण्याचा भार त्याला आत घ्यावयाचा असतो, पाणी मात्र बाहेर ठेवावयाचे असते. दार उघडे ठेवून पाहुण्यास आत येऊ द्यावे आणि त्याच्या पायांची धूळ मात्र उंबऱ्याबाहेर राहावी, असाच काहीसा हा प्रकार आहे.

पापनाशमपासून समुद्र दूर आहे. तरी या प्रश्नाशी त्या मुलखाचा संबंध नाही असे कोणी समजू नये. जे कावेरीचे फाटे तेथील भातखाचरे भिजवितात, तेच पुढे बंगालच्या उपसागरास मिळतात. त्रिभुज प्रदेशाचा उतार इतका अल्प आहे की ईशान्य मोसमी पावसात समुद्र चढला म्हणजे मुखाकडील नद्यांचा निचरा तुंबतो. २६ डिसेंबर २००४ रोजी सुमात्रापाशी भूकंप होऊन ज्या लाटा उठल्या, त्यांनी एकट्या नागपट्टिनम जिल्ह्यात सहा हजारांवर माणसांचा बळी घेतला. त्या लाटांना तमिळनाडूचा किनारा गाठावयास दोन तासांहून अधिक वेळ लागला होता. खोल समुद्रात त्यांची उंची अवघी अर्ध्या मीटरच्या आसपास होती. ती ओळखून वर्दी देणारी यंत्रणा त्या दिवशी हिंदी महासागरात नव्हती. पुढे २००७ मध्ये हैदराबाद येथे इशारा केंद्र सुरू झाले आणि समुद्रतळावर दाबमापक ठेवण्यात आले. ते काम चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रविज्ञान संस्थेने केले.

पाण्यात दर दहा मीटर खोलीस सुमारे एका वातावरणाइतका दाब वाढतो. तीन हजार मीटरवर प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे तीनशे किलोग्रॅम भार पडतो. एवढ्या भारात तीन सेंटिमीटरची लाट वेगळी ओळखावयाची म्हणजे लाखात एक भाग हेरावयाचा! क्वार्ट्झच्या स्फटिकाची कंपने मोजून हे साधता येते. पण स्फटिकास खाऱ्या पाण्याचा स्पर्श चालत नाही. म्हणून मध्ये तेल भरतात आणि अनेक उपकरणांत तेल व समुद्र यांच्यामध्ये धातूचे एक पातळ पटल ताणून बसवितात. पटलाच्या दोन्ही अंगांस दाब जवळजवळ सारखाच असल्याने ते फाटत नाही, आणि म्हणूनच ते मिलिमीटरच्या काही शतांशांइतके पातळ ठेवता येते. हेच त्याचे सामर्थ्य आणि हाच त्याचा दुबळेपणा. जाड नळीस पडलेली टाचणीच्या टोकाएवढी खळी वर्षानुवर्षे निभते, पण या पटलाच्या आरपार जावयास तिला फार दिवस लागत नाहीत.

ज्याला न गंजणारे पोलाद म्हणतात, ते न गंजणारे नसते, हे येथे ध्यानात घ्यावे. त्यातील क्रोमियमचा प्राणवायूशी संयोग होऊन पृष्ठभागावर एक अतिसूक्ष्म थर बनतो आणि तो धातूचे रक्षण करतो. समुद्राच्या एक किलोग्रॅम पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्यांतील क्लोराइड हा थर जागोजाग फोडतो. मोकळ्या वाहत्या पाण्यात तो थर पुन्हा भरून येतो. परंतु रबरी कड्याखाली, आट्यांच्या खाचेत, शिंपल्याच्या बुडाशी पाणी अडकून राहते, तेथील प्राणवायू संपतो आणि ते पाणी उत्तरोत्तर आम्ल होत जाते. तेथे पोलाद आतून पोखरले जाते आणि बाहेरून चकचकीत दिसत राहते. लोणचे धातूच्या डब्यात न भरता चिनी मातीच्या बरणीत भरण्याची घरोघरची रीत क्षार आणि आम्ल यांच्या याच जोडीचा अनुभव घेऊन पडली आहे.

यावर सर्व उपकरण टायटॅनियमचे करावे आणि निश्चिंत व्हावे, असा एक पक्ष मांडला जातो. टायटॅनियम समुद्रात गंजत नाही, हे खरे. खोल समुद्रातील पटलासाठी त्याचा खर्च सोसणे योग्यच आहे. पण निश्चिंत होण्याचा भाग मान्य करता येत नाही. टायटॅनियमला जवळच अ‍ॅल्युमिनियमची चौकट जोडली, तर खाऱ्या पाण्यात त्या दोहोंचा विद्युत्-घट बनतो आणि अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने झिजते. स्वतः निर्लेप राहणारा धातू शेजाऱ्याचा नाश करतो. शिवाय बंदरातील उथळ पाण्यात शंखशिंपले टायटॅनियमवर बिनदिक्कत वस्ती करतात आणि दाब आत येण्याचे छिद्रच बुजवून टाकतात.

शंखशिंपल्यांस तांबे मानवत नाही, म्हणून छिद्राभोवती तांब्याची जाळी लावतात. येथे एक जुनी हकीकत उपयोगी पडेल. १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही याने इंग्रजी युद्धनौकांच्या तळाचे तांब्याचे पत्रे वाचविण्यासाठी त्यांना जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडले. जस्त झिजले, तांबे वाचले. युक्ती रसायनशास्त्रदृष्ट्या बिनचूक ठरली. पण तांबे विरघळेनासे झाल्याबरोबर त्याचा विषारी गुणही नाहीसा झाला, नौकांच्या तळांवर शेवाळ व शिंपले वाढले आणि ते तुकडे काढून टाकावे लागले. तांब्याने काम द्यावे अशी इच्छा असेल, तर त्यास झिजू दिले पाहिजे. आणि इतर धातूंपासून ते प्लास्टिकच्या चकतीने अलग ठेवले पाहिजे.

जस्ताच्या तुकड्याचीही अशीच गोष्ट आहे. तो प्रमाणाबाहेर प्रभावी ठरला, तर त्याने रक्षिलेल्या धातूच्या पृष्ठभागी हायड्रोजन निर्माण होतो. हायड्रोजनचे कण इतके लहान असतात की ते पातळ पटलातून पलीकडे जातात, तेलात बुडबुडा धरतात आणि दाबमापकाचे शून्य सरकते. पटलावर गंजाचा ठिपकाही नसतो आणि वाचन मात्र चुकीचे येते. उपायच रोग होऊन बसावा असा हा प्रकार विरळा असला, तरी उपकरण बांधणाऱ्यांनी तो विसरू नये.

सरकलेल्या शून्याने सर्वच कामे बिघडतात असे नाही, हेही सांगितले पाहिजे. वर्षाकाठी एक सेंटिमीटर सरकणारा दाबमापक त्सुनामी ओळखू शकतो, कारण ती लाट काही मिनिटांत येते व जाते. परंतु जगातील समुद्रपातळी १९९३ पासून सरासरीने वर्षास तीन ते चार मिलिमीटर या गतीने चढत आहे; ती मोजावयास हाच दाबमापक सर्वथा कुचकामी होय. मुंबईच्या अपोलो बंदरावरील भरतीच्या नोंदी १८७८ पासूनच्या आहेत. तेथील जुनी पद्धत विहिरीतील तरंगत्या लाकडी वा धातूच्या गोळ्याची होती. ओबडधोबड खरी, पण तिचे शून्य धक्क्यावरील दगडी खुणेशी केव्हाही ताडून पाहता येई. गोव्यात मांडवीच्या मुखाजवळ वेरें येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने २००५ मध्ये दाबावर चालणारा मापक बसविला. अशा नव्या मापकांचे शून्यही तसेच नियमाने ताडले जावे, ही मागणी अवाजवी नाही.

खरा वाद धातूंचा नसून पैशांच्या विनियोगाचा आहे. उपकरण विकत घेण्यास एकरकमी अनुदान मिळते. ते सहा महिन्यांनी वर काढण्यास नौका, नवी रबरी कडी, ताजे तेल आणि चार कुशल हात लागतात. त्यांची तरतूद मात्र कोणत्याही समारंभात जाहीर होत नसते. ही तरतूद खरेदीच्या अंदाजपत्रकातच बांधून घेतली पाहिजे. तशी सोय नसेल तेथे दहा मापकांऐवजी सहाच घ्यावेत आणि ते नीट राखावेत. तमिळनाडूत या कामी अनुभवाची वाण नाही. पापनाशमच्या दक्षिणेस कराइकुडी येथे १९५३ मध्ये केंद्रीय विद्युत्-रसायन संशोधन संस्था उघडली. मंडपमच्या किनाऱ्यावर तिने निरनिराळ्या धातूंचे तुकडे खाऱ्या वाऱ्यात व पाण्यात ठेवून त्यांची झीज मोजली आहे. ज्या पाण्यात दाबमापक ठेवावयाचा, त्याच पाण्यात आधी पटलाच्या धातूचे तुकडे रबरी कड्यासह टांगून पाहावेत. आणि पुढे उपकरणाच्या नोंदवहीत पाण्याच्या उंचीच्या आकड्यांशेजारी कडे कोणत्या तारखेस बदलले, जस्त किती झिजले, जाळी केव्हा धुतली हेही लिहिले जावे. एरव्ही त्या आकड्यांवरून समुद्र चढला की दाबमापक सरकला, हे वीस वर्षांनी कोणास ठरविता येणार नाही.