गळ्यातला कासरा

फिल्म कॅमेऱ्याचं भूत सध्या आपल्या पिढीच्या मानगुटीवर बसलंय. अगदी अक्षरशः! बाबांच्या कपाटातला निकॉन एफएम-टू, आजोबांचा याशिका, नाहीतर चोर बाजारातून घासाघीस करून उचललेला पेंटॅक्स के-थाउजंड. वीकेंडला गळ्यात काहीतरी हवंच. कंपन्यांनाही याचा वास लागलाय. 2022मध्ये लायकानं आपला जुना एम-सिक्स पुन्हा बाजारात आणला आणि 2024मध्ये पेंटॅक्सनं '17' नावाचा कोरा करकरीत फिल्म कॅमेरा काढला. मागे या कॉलममध्ये रोल कुठला घ्यावा यावर लिहिलं होतं. त्यानंतर सगळ्यात जास्त मेल आले ते भलत्याच प्रश्नाचे. स्ट्रॅप कुठला घेऊ?

प्रश्न वरवर फॅशनचा वाटतो, पण तसा तो नाही. पट्टा मानेला टोचला की कॅमेरा दुसऱ्या रविवारी बॅगेत जातो, तिसऱ्या रविवारी पुन्हा कपाटात. आणि पट्टा तुटला तर? डिजिटल कॅमेरा पडला तर नवा मिळतो. के-थाउजंडचं उत्पादन 1997मध्ये थांबलं, एफएम-टूचं 2001मध्ये. तुमच्या गळ्यात आहे तो एकेक पीस आता फक्त कमीच होणार. तेव्हा मंडळी, रंग नंतर. आधी बाकीचे फंडे.

वजन काटा

कॅमेरा लेन्ससकट किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. पेंटॅक्स 17 जेमतेम 290 ग्रॅमचा. ऑलिंपस ट्रिप 35 चारशेच्या आसपास. एफएम-टूची नुसती बॉडी 540 ग्रॅम, त्यावर पन्नासची लेन्स लावली की सातशेच्या घरात. याशिका मॅट-124जी हा दोन डोळ्यांचा ठोकळा तर किलोच्या वर. चारशेपर्यंत बारीक दोरी किंवा मनगटाचा पट्टा चालतो, छान दिसतोही. सातशेच्या पुढे मात्र मानेवर येणारा भाग तीन-चार सेंटीमीटर रुंद हवाच. हिशोब साधा आहे. वजन तेच, पण पट्टा अरुंद असेल तर ते सगळं एका रेघेवर येतं, आणि संध्याकाळी मानेवर ती रेघ दिसते.

मनगटाचा पट्टा घेणार असाल तर दुकानातच कॅमेऱ्याला लावून रिकामं लिव्हर ओढून बघा. फिल्म पुढे सरकवायचं लिव्हर उजवीकडे असतं आणि मनगटाचा पट्टाही आपण उजव्याच कडीला बांधतो. दोघांचं भांडण झालं की दर फोटोला वैताग.

खरी गोम कडीत

आमच्या ग्रुपमधल्या एकानं आजोबांच्या कॅमेऱ्याला मस्त इंपोर्टेड लेदर स्ट्रॅप घेतला. काही हजारांचा. शिलाई झकास, वास झकास, लूक तर विचारूच नका. दुसऱ्याच ट्रिपला, गडाच्या पायऱ्या उतरताना, कॅमेरा खाली. पट्ट्याला ओरखडासुद्धा नाही! तुटली होती ती कॅमेऱ्याच्या कानातली कडी. आजोबांच्या काळापासून तीच होती, घासून घासून तारेसारखी पातळ झालेली. पडल्यावर मागचं दार उघडलं आणि आतल्या अर्ध्या रोलवर ऊन पडलं. त्या रोलवर आजोबांच्या पंच्याहत्तरीचे फोटो होते. लेन्सचा पोचा कारागिरानं काढून दिला. फोटो कोण काढून देणार?

म्हणून पट्टा घेण्याआधी कॅमेऱ्याचे दोन्ही कान तपासा. ज्या कडीत पट्टा अडकतो ती कडी किचेनसारखी दोन वेढ्यांची असते. वेढे फाकले असतील, एका जागी खाच पडली असेल, तर सरळ बदला. कडी काही रुपयांची असते. खुद्द कानही झिजला असेल तर कारागिराकडे जा. कडीच्या मागे चामड्याची छोटी चकती बसवली की बॉडीवर ओरखडे पडत नाहीत. पटकन काढता-घालता येणारे अँकर वापरत असाल, तर त्यांच्या बारीक दोऱ्या वरचेवर बघत जा. काहींमध्ये आतला थर वेगळ्या रंगाचा असतो. तो दिसायला लागला की दोरी बदलायची वेळ झाली.

आणि कान नसतीलच तर? रशियन झेनिट-ईला ते नाहीतच. त्याचा पट्टा चामड्याच्या केसला असायचा. अशा वेळी खाली ट्रायपॉडचं भोक असतं, त्यात बसणारा कडीवाला स्क्रू मिळतो. फक्त तो फिरून सैल होतो. बाहेर पडताना एकदा आवळायची सवय ठेवा.

धाडवर धाड

आता मटेरियल. नायलॉन, कॉटन की लेदर? यावर मला सगळ्यात भारी सल्ला मिळाला तो कुठल्याही कॅमेऱ्याच्या शोरूममध्ये नाही, तर धाडला. धाड म्हणजे बुलढाणा तालुक्यातलं, मराठवाड्याच्या वेशीवरचं बाजाराचं गाव. पोळ्याच्या खरेदीवर स्टोरी करायला गेले होते. पोळ्याआधीचा बाजार म्हणजे बैलांचा फॅशन वीकच समजा. झुली, गोंडे, घुंगरांच्या माळा, म्होरक्या, वेसणी आणि कासऱ्यांचे ढीग. रंग असे, की आपल्या मॉलमधल्या अॅक्सेसरीजनी लाजावं.

एका दुकानात मऊ सुती पट्टा मागितला. काकांनी मान वर न करता विचारलं, "बैलाले का माणसाले?"

"कॅमेऱ्याला."

मग मात्र त्यांनी मान वर केली. माझ्या गळ्यातला कंपनीचा काळा नायलॉनचा पट्टा दोन बोटांत धरून त्याची कड अंगठ्यानं घासली आणि म्हणाले, "ताई, हाताले जो कापते, तो मानेले सोडन का?"

बॉस, एका वाक्यात सगळं आलं! कासरा म्हणजे बैल हाकणाऱ्याच्या हातातला लांब दोर. दिवसभर तो तळहातातून सरकतो, घामानं भिजतो, हिसके खातो. अंबाडीचा दोर दणकट, पण हाताला टोचतो. नायलॉन स्वस्त, पावसात कुजत नाही, पण झटका बसला की तळहात सोलतो. सूत घाम पितं, वापरून वापरून मऊ होतं आणि सरकत नाही. मात्र ओलं ठेवलं तर कुजतं, म्हणून वाळवावं लागतं. ही सगळी पारख काकांच्या अंगठ्यात होती. बैलाच्या जागी कॅमेरा ठेवा, गणित तेच. नायलॉनचा सपाट पट्टा खांद्यावरून घसरतो आणि त्याची कड उन्हाळ्यात घामेजलेल्या मानेला काचते. तो घ्यायचाच तर कड दुमडून शिवलेला किंवा आतून कापड लावलेला घ्या. पाऊस, ट्रेक, चिखल यासाठी तो बेस्ट, हेही खरं.

काकांनी मग नवारीचं बंडल काढलं. हो, तीच नवार, जिच्यानं आपल्या आजीचा पलंग विणलेला असायचा. जाड सुती पट्टी, माणसाचं वजन वर्षानुवर्षं पेलणारी. अरुंद नवार दोन मीटर घेतली. बाजारातच बसलेल्या चर्मकार दादांनी दोन्ही टोकांना चामड्याची जीभ लावून दिली. आरीनं भोकं पाडून, मेण लावलेल्या दोऱ्यानं, चौकोनात फुली अशी शिलाई घातली. हीच शिलाई महागड्या स्ट्रॅपवरही असते, कारण तिच्यात ओढ एका टाक्यावर न येता सगळ्या टाक्यांत वाटली जाते. शिवून झाल्यावर दादांनी एक टोक पायाखाली दाबलं आणि दुसरं दोन्ही हातांनी खेचून बघितलं. टाका हलला नाही, मगच पैसे घेतले. सगळं मिळून दोनशेच्या आत.

ही टेस्ट तुम्हीही करा. नवा पट्टा कॅमेऱ्याला लावण्याआधी त्याला पाच किलो तांदळाची पिशवी रात्रभर टांगून ठेवा. सकाळी टाके आणि बकल बघा. बकल सरकलं असेल तर तो पट्टा कॅमेऱ्यासाठी नाही.

लेदरवाल्यांसाठी

लेदरचा लूक क्लासिक, यात वादच नाही. घेताना भाजीपाल्यासारखं ताजं बघू नका, कमावलंय कशानं ते विचारा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, म्हणजे कोल्हापुरी चपलेचं, सुरुवातीला कडक लागतं. पण वापरानं काळपट चमक येते आणि ते तुमच्या खांद्याचा आकार घेतं. 2019मध्ये कोल्हापुरीला जीआय टॅग मिळाला, 2025मध्ये प्राडाच्या रॅम्पवर तिच्यासारखी चप्पल दिसल्यावर केवढा गदारोळ झाला, ते आठवत असेलच. तोच कारागीर पट्टाही शिवू शकतो. त्यासाठी मिलानला जायची गरज नाही.

फक्त हवामान विसरू नका. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात चामडं तडकतं, अधूनमधून तेलाचा हात फिरवावा लागतो. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात त्याला बुरशी येते. ती पट्ट्यावर थांबली तर पुसता येईल, लेन्समध्ये शिरली तर खर्च मोठा. म्हणून पावसाळ्यात चामड्याचा पट्टा आणि जुनी चामड्याची केस कॅमेऱ्यापासून वेगळी ठेवा. कॅमेरा सिलिका जेलच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात.

मापात राहा

लांबी दुकानात ठरवू नका. घरी सुतळी बांधून आरशासमोर उभे राहा. गळ्यात घालणार असाल तर कॅमेरा बेंबीच्या जरा वर यावा. खाली गेला की प्रत्येक पावलाला पोटावर आपटतो. क्रॉस घालणार असाल तर कमरेजवळ यावा आणि पट्टा न काढता डोळ्यापर्यंत सहज जावा. बहुतेकांना 100 ते 125 सेंटीमीटरमध्ये जमतं.

आणि हे खास फिल्मवाल्यांसाठी. याशिका इलेक्ट्रोसारख्या कॅमेऱ्यात आपण लेन्समधून बघत नाही, वरच्या वेगळ्या खिडकीतून बघतो. लांब पट्टा लेन्ससमोर लोंबला तरी कळत नाही. कळतं ते लॅबमधून फोटो आल्यावर. रोल आणि डेव्हलपिंग मिळून हजाराच्या पुढे मोजून, छत्तीस फोटोंत आपलाच पट्टा! क्लिक करण्याआधी पट्टा मनगटाला एक वेढा द्या. लोकलमध्ये चढताना तर नक्कीच, नाहीतर तो दुसऱ्याच्या बॅगेत अडकून त्याच्याबरोबर दादरला उतरेल. बाइकवर मात्र कॅमेरा छातीवर लटकवू नका. पडलात तर आधी तो बरगडीत घुसेल. बाइकवर तो बॅगेतच बरा.

आता करा स्टाइल

एवढं झालं की रंगाला मोकळं रान. कंपनीचं मोठं नाव झळकवणारा पट्टा गर्दीत चोराला किंमत सांगतो, म्हणून साधा बरा. साठ-सत्तरच्या दशकात परदेशात रुंद, नक्षीदार विणलेल्या पट्ट्यांची क्रेझ होती, ती आता परत आलीय. आपल्याकडे त्याचं उत्तर घरातच आहे. आईच्या विरलेल्या इरकलीचा काठ नवारीवर शिवून घ्या. वजन नवार पेलेल, मिरवायचं काम काठ करेल. काळ्या-चंदेरी कॅमेऱ्यावर तो लाल-हिरवा काठ एकदम हटके दिसतो. शिवाय तसा दुसरा कुणाच्याच गळ्यात नसेल, गॅरंटी.

बजेटचं गणितही सांगून टाकते. हजार रुपये असतील तर पन्नास नव्या कड्यांवर, दोनशे पट्ट्यावर आणि उरलेले रोलवर घाला. बैल सजवतात तो पोळ्याला, पण कासरा वर्षभर हातात असतो.