सातशे मेंबर, आणि ग्रामसभेला चौघं

पोस्ट मोठी आहे. कडूही आहे. चहा घेऊन बसा.

आपल्या तालुक्याच्या पक्षीमित्र ग्रुपला पुढच्या महिन्यात वर्ष होईल. वाढदिवसाची तयारी जोरात चालू आहे. लोगो झाला, टी-शर्टचा रंग ठरला, आणि ‘एक हजार मेंबर’ असं टार्गेटही ठरलं. का? तर व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात १०२४ माणसं मावतात, आणि शेजारच्या तालुक्याचा ग्रुप म्हणे नऊशेच्या वर गेलाय.

मी या ग्रुपच्या सहा ॲडमिनपैकी एक आहे. त्यामुळे खाली जे काही लिहिलंय त्यातला सहावा हिस्सा माझ्या नावावर आधीच मांडून ठेवतो. बाकीच्या पाचांनी आपापला उचलावा.

ग्रुप कसा झाला ते आठवा. गेल्या वर्षीचा पक्षी सप्ताह. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा, म्हणून या दोन तारखांच्या मधला आठवडा आपलं राज्य २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतं. त्या उत्साहात आपण चार दिवसांत चारशे माणसं ग्रुपात ओतली. अक्षरशः ओतली. कुणी आपल्या दुकानाचं गिऱ्हाईक घातलं, कुणी शाळेचे पालक, कुणी लग्नाच्या ग्रुपातले पाहुणे. विचारलं कुणालाच नाही. मग त्यातल्या अर्ध्यांनी सकाळी फुलांचे फोटो आणि संध्याकाळी राजकारण टाकायला सुरुवात केली. म्हणून आपण नियम केले, एकूण सतरा. नवीन माणूस आला की पहिलं स्वागत काय? सतरा नियमांचा मेसेज. घरी आलेल्या पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी चपला कुठं काढायच्या ते सांगावं, तसं.

आज मेंबर आहेत ७१८. गेल्या महिन्यात त्यातली किती माणसं एकदा तरी बोलली, ते मी एका रात्री बसून मोजलं. एकतीस. त्यातली नऊ रोजची. ती नऊ कोण, हे तुम्हाला माहीत आहे. बंदुकीच्या नळीएवढ्या लेन्स असलेली. उजनीच्या पाण्यावर रोहित उतरले की एकाच थव्याचे चाळीस फोटो, आणि त्याखाली बाकीच्या आठांचे बदाम.

आता ज्या गोष्टीसाठी ही पोस्ट लिहायला बसलो ती सांगतो.

जानेवारीत ग्रुपात एक मेंढपाळ मामा आले. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरानं लिंकवरून जोडून दिलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी व्हॉइस मेसेज टाकला, दीड मिनिटाचा. वाऱ्याचा आवाज, मागं मेंढरं. म्हणाले, “आमच्या माळावर एक पाखरू हाय. टिटवीगत पळतंय, पर टिटवी न्हाई. मातीच्या रंगाचं, डोळ्यावरनं काळी आन् पांढरी रेघ गेल्याली. दरसाल उन्हाळ्यात हितंच उघड्यावर अंडी घालतंय. नाव काय म्हनायचं त्येचं?”

ज्याला पक्ष्यांतलं थोडं कळतं त्याला एवढ्यावरून समजायला हवं होतं की हा धाविक आहे. गवताळ माळाचा पक्षी. झाड नको, झुडूप नको, उघडी जमीन हवी. घरटं बांधत नाही, जमिनीवरच अंडी घालतो. आणि एक माणूस सांगतोय की तो आमच्याकडे दरवर्षी अंडी घालतो! पुस्तकी माणसाला अशी माहिती मिळवायला उन्हाळे घालवावे लागतात.

आपण काय उत्तर दिलं? पहिलं उत्तर एका ॲडमिनचं: “व्हॉइस मेसेज चालत नाहीत, नियम वाचा.” दुसरं: “फोटो? लोकेशन?” तिसरं: “यावर चर्चा झालेली आहे, आधीचे मेसेज शोधा.” कालच आलेल्या माणसाच्या फोनवर ती चर्चा नव्हतीच. त्यानंतर लगेच कुणीतरी सूर्यास्ताच्या वेळचे रोहित टाकले आणि विषय संपला.

मी कुठं होतो? होतो की. मेसेज ऐकला, ‘रात्री निवांत लिहू’ म्हणालो आणि विसरलो. तिसऱ्या दिवशी मामा बाहेर पडले.

आणि हे सहाही ॲडमिनना कळलं होतं. २०२२ पासून कुणी ग्रुप सोडला तर ते फक्त ॲडमिनला दिसतं, बाकीच्यांना गाजावाजा होत नाही. सोडून गेलेल्यांची यादी साठ दिवस समोर असते. त्या साठ दिवसांत आपल्यापैकी एकानंही फोन केला नाही. एक माणूस गेला त्याच दिवशी सहा नवे आले होते, आकडा वाढलेलाच दिसत होता. आपल्याला वाटलं, ग्रुप वाढतोय.

मे महिन्यात त्याच माळावर जेसीबी आले. समतल चर खोदायचे, मग त्यावर झाडं लावायची. पाणी अडवायला माझा विरोध नाही, आपण दुष्काळी पट्ट्यातली माणसं आहोत. पण गवताळ माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, तिथं मेंढरं जगतात आणि पाखरंही. चर कुठं खोदायचे आणि कुठला तुकडा सोडायचा एवढंच विचारायचं होतं. मी ग्रुपवर टाकलं, “परवा ग्रामसभा आहे, जमेल त्यांनी या.” तीनशेच्या वर लोकांनी मेसेज पाहिला. पंचावन्न जणांनी हात जोडले. आलो किती? चौघं, त्यात एक माझा मेहुणा.

सभेत साहेबांनी सरळ प्रश्न विचारला, “इथं असा पक्षी आहे, याची नोंद दाखवा.” प्रश्न रास्त होता. आमच्याकडे रोहितांचे हजारो फोटो होते, त्या माळाची एक ओळ नव्हती. ज्या माणसाच्या डोक्यात वीस वर्षांची नोंद होती, त्याला आपण जानेवारीत नियम वाचायला पाठवलं होतं. निम्मा माळ खोदला गेला.

नंतर मी मामांच्या वाड्यावर गेलो. माफी मागितली. रागावले नाहीत. म्हणाले, “तुमच्यात काय बोलायचं, कसं बोलायचं, ते आमास्नी म्हाईत न्हाई. म्हनून निघालो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आता ठरलेले आक्षेप येतील. पहिला, “शिस्त नको का?” हवी. फॉरवर्ड टाकणाऱ्याला शिस्त लावा, प्रश्न विचारणाऱ्याला कशाला? आपण दोघांना एकाच काठीनं हाणलं. फॉरवर्डवाले निगरगट्ट, ते टिकले. प्रश्नवाले लाजले आणि गेले.

दुसरा, “घरट्याची जागा ग्रुपवर उघड करणं चुकीचं आहे.” शंभर टक्के बरोबर. कॅमेरेवाले तिथं गर्दी करतात आणि पाखरू अंडी सोडून जातं. पण मग हे कारण त्या माणसाला फोन करून, दोन गोड शब्दांत सांगता येत नव्हतं का?

तिसरा आणि सगळ्यांचा आवडता, “लोकांनाच रस नाही हो.” हे मात्र साफ खोटं आहे. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचा थवा कुठल्या दिशेनं येतो हे राखणीला बसणाऱ्या बाईला विचारा. भिगवणच्या पाण्यावर मासेमारी करणारी माणसं आज पाहुण्यांना नावेतून पक्षी दाखवतात, पट्टकादंब कुठं बसलाय ते लांबून सांगतात. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’चा २०२३ चा अहवाल बघा. ९४२ जातींचा हिशेब त्यात मांडलाय, तो तीस हजारांवर हौशी लोकांनी केलेल्या नोंदींवर. साधी माणसं, आपापल्या गावातली. आणि त्यात माळरानासारख्या मोकळ्या जागेतल्या पाखरांची उतरंड स्पष्ट दिसते. म्हणजे आपल्या माळाची नोंद देशाला हवी होती, ती देणारा आपल्याकडे आला होता, आणि रस नव्हता तो आपल्याला.

माणूस नवीन ठिकाणी टिकतो कधी? त्याचा पहिला प्रश्न कुणीतरी उचलतो तेव्हा, आणि आपल्यावाचून इथलं काहीतरी अडतं असं त्याला वाटतं तेव्हा. भजनी मंडळात नवा पोरगा आला की त्याच्या हातात टाळ देतात, ताल चुकला तरी. गणपती मंडळात नव्याला निदान दोरी धरायला लावतात. आपण नव्याला प्रेक्षक केलं. आणि प्रेक्षक टाळ्या वाजवतो, ग्रामसभेला येत नाही.

तेव्हा टी-शर्ट छापायच्या आधी माझ्या मागण्या:

१. विचारल्याशिवाय एकालाही जोडायचं नाही. आहेत त्यांनाही एकदा विचारा, ‘राहायचंय का?’ ७१८ चे १५० झाले तरी चालतील.

२. सतरा नियमांचे तीन करा. फॉरवर्ड नको, घरट्याची जागा नको, कुणाची टिंगल नको. बस्स.

३. रोज एका जुन्या माणसाची पाळी. त्या दिवशी आलेल्या प्रत्येक नव्या माणसाच्या प्रश्नाला त्यानं त्याच दिवशी उत्तर द्यायचं. येत नसेल तर ‘मला माहीत नाही, विचारून सांगतो’ हेही उत्तरच आहे.

४. व्हॉइस मेसेज चालेल. धूसर फोटो चालेल. फोटो नसला तरी चालेल. नावं मराठीत, आणि गावात जे म्हणतात ते नाव आधी.

५. ‘महिन्याचा सर्वोत्तम फोटो’ स्पर्धा बंद. आठ हजारांचा फोन आणि लाखाची लेन्स यांची शर्यत लावून आपण कुणाला काय शिकवतोय?

६. प्रत्येक मेंबरला एक जागा द्या. स्वतःची विहीर, बांध, ओढा, शाळेचं मैदान. आठवड्यातून पंधरा मिनिटं बघायचं आणि दिसलं ते सांगायचं. फेब्रुवारीत जगभर चार दिवस पक्षी मोजतात, ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’. तिथंही पंधरा मिनिटंच पुरतात. लिहिता न येणाऱ्याची नोंद लिहून घ्यायचं काम कॉलेजच्या पोरांना द्या.

७. कुणी सोडून गेलं की ॲडमिननं फोन करायचा. ‘परत या’ म्हणायला नाही, ‘काय चुकलं?’ विचारायला.

हे मान्य नसेल तर मला ॲडमिनपदावरून काढा, मेंबर म्हणून राहीन. पण एक हजाराचा केक कापायला मी येणार नाही.

उरलेल्या निम्म्या माळावर ५ नोव्हेंबरला सकाळी साडेसहाला मी जाणार आहे. मामांनी यायचं कबूल केलंय, पुढं तेच चालणार. कॅमेरा आणू नका. वही आणा.

येणार असाल तर खाली हात जोडू नका. फोन करा.