'हायड्रॉलिक गेलं' म्हणजे नेमकं काय गेलं?

आमच्या क्षेत्रात एक जगप्रसिद्ध बग रिपोर्ट आहे : "सिस्टिम चालत नाहीये." कुठे, कधी, काय केल्यावर, काही पत्ता नाही. याच्या तोडीस तोड रिपोर्ट मी फक्त शिरूर कासारला ऐकलाय : "हायड्रॉलिक गेलं."

माझं आजोळ त्याच तालुक्यातलं. तिकडे जे जे म्हणून काही उचलतं, म्हणजे ट्रॅक्टरचा नांगर, डंपिंग ट्रॉली, जेसीबी, पोकलेन, ते सगळं हायड्रॉलिकवर. (पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव, बरं का. आपण ते यंत्रालाच देऊन टाकलं. डालडासारखं!) आणि यातलं काहीही अडलं की तक्रार दोन शब्दांची. मिस्त्री येतो, खोलतो, सील बदलतो, पैसे घेतो. थोड्या दिवसांनी परत तेच.

माझं मत सरळ आहे. ज्याच्या नावावर यंत्राचं कर्ज आहे, त्याला हायड्रॉलिक समजलंच पाहिजे. दुरुस्त करता नाही आलं तरी चालेल, पण समजलं पाहिजे. आणि ते वाटतं तेवढं अवघड नाही.

मुळात आहे काय? टाकीत ऑइल. ते ढकलणारा पंप. ते कुठे जाईल हे ठरवणारा व्हॉल्व्ह, म्हणजे तुमचा लिव्हर. ते जिथे जाऊन काम करतं तो सिलिंडर. दाब फार वाढला तर ऑइल परत टाकीत सोडणारा रिलीफ व्हॉल्व्ह, आणि एक फिल्टर. संपलं. बाकी शाळेतला पास्कल. सिलिंडरचा आतला व्यास 10 सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ झालं साधारण साडेअठ्ठ्याहत्तर चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला 150 किलो दाब धरा आणि गुणाकार करा. पावणेबारा टन! दंडाएवढ्या नळकांड्यातून.

यातली एक गोष्ट मात्र भल्याभल्यांच्या डोक्यात उलटी बसलेली असते. पंप दाब तयार करत नाही, तो फक्त ऑइल ढकलतो. दाब तयार होतो समोरच्या ओझ्यामुळे. हे एकदा कळलं की तक्रारीला अर्थ येतो. रिकामी ट्रॉलीसुद्धा हळूहळू उठते? ऑइल कमी पोचतंय : पातळी, फिल्टर, पंप बघा. रिकामी झटक्यात उठते पण भरलेली उठत नाही? दाब टिकत नाहीये : रिलीफ व्हॉल्व्ह किंवा आतली गळती. वर राहते पण हळूहळू खाली बसते? सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह. धक्के खात उठते, पंप कण्हतो? हवा शिरलीय. ऑइल ताकासारखं पांढरट दिसतंय? पाणी गेलंय.

गेल्या मे महिन्यात माझ्या मामेभावाची ट्रॉली सकाळी व्यवस्थित उठायची आणि दुपारी अर्ध्यात थांबायची. मिस्त्रीचा निकाल : पंप बदला. मी म्हटलं, "दादा, जरा थांब. शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर लावून बघू." भर दुपारी त्या ट्रॅक्टरने तीच ट्रॉली पूर्ण उचलली. म्हणजे ट्रॉलीचा सिलिंडर निर्दोष, भानगड ट्रॅक्टरकडे. मग विचारलं, ऑइल कुठलं टाकलंस? तर पातळी कमी दिसली म्हणून कुठलंसं सुटं ऑइल ओतलं होतं. "अरे पण चांगलं लालभडक दिसतंय की!" ऑइल तापलं की पातळ होतं, आणि आधीच पातळ असेल तर पंपाच्या आतल्या फटींतून मागेच पळतं. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचं ऑइल आणि नवा फिल्टर घातला, काम झालं. पंप अजून तोच आहे.

रंगावर तर अजिबात जाऊ नका. आपल्या डोळ्यांना साधारण 40 मायक्रॉनपेक्षा बारीक कण दिसत नाही, आणि व्हॉल्व्हच्या आतल्या फटी त्याहून बारीक असतात. म्हणजे जी धूळ यंत्र खाते ती आपल्याला दिसतच नाही. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात उघडा डबा, फडक्याने पुसलेलं नरसाळं आणि जमिनीवर लोळणारं होजचं तोंड, इतकं पुरतं. कपलरला टोपण लावणं, जोडण्याआधी ते पुसणं, ऑइल टाकताना टाकीच्या झाकणाभोवतीची माती आधी काढणं, याला पैसे लागत नाहीत.

आणि ट्रॉलीची देवाणघेवाण. आज याची ट्रॉली, उद्या त्याची. पण त्या सिलिंडरमधलं ऑइल ट्रॉली खाली येताना तुमच्या ट्रॅक्टरच्या टाकीत येतं! बऱ्याच ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सला आणि हायड्रॉलिकला एकच ऑइल असतं, म्हणजे दुसऱ्याच्या गिअरचा झिजलेला कीससुद्धा पाहुणा म्हणून येतो. ऑफिसभर फिरणाऱ्या पेन ड्राइव्हसारखंच हे. :) माणुसकी सोडू नका, पण फिल्टर वेळेवर बदला.

आता गंमत बाजूला. उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू दिल्याशिवाय कुणीही जायचं नाही. होज फुटायला क्षण लागतो आणि खालच्या माणसाला तेवढाही मिळत नाही. होजची बारीक गळती हाताने चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. सुईएवढ्या छिद्रातून येणारी धार कातडी भेदून आत जाते. जखम काटा टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही फारसं, पण आतलं मांस सडायला लागतं. ताबडतोब हॉस्पिटल, 'उद्या बघू' नाही. होज सोडण्याआधी ट्रॉली खाली घ्या, इंजिन बंद करा, लिव्हर हलवून दाब काढा. आणि ट्रॉली उचलण्याआधी वर विजेची तार आहे का ते बघा.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, मिस्त्री आहे ना? आहे, आणि त्याचा अनुभव मोठाच. पण तो येतो बिघडल्यावर. रोजची दहा मिनिटं मालकाची. वेळेवर ऑइल-फिल्टर बदलायचा खर्च कर्जाच्या एका सहामाही हप्त्यापुढे किरकोळ आहे.

आणि हा प्रश्न आता ट्रॉलीपुरता राहिलेला नाही. बीडमधून दर हंगामात नवरा-बायकोच्या जोड्या ऊस तोडायला जातात. जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. त्या उसात आता हार्वेस्टर शिरलाय. 2023 साली राज्यात तो घ्यायला अनुदानाची योजनाही आली. हे यंत्र म्हणजे चालतंबोलतं हायड्रॉलिक : बुडखा कापणाऱ्या चकत्या, कांड्या करणारे ड्रम, पाला उडवणारा पंखा, सगळं ऑइलच्या दाबावर. कोयत्याला धार कशी लावायची हे तोडणाऱ्याला ठाऊक होतं. या यंत्राची धार ऑइलमध्ये आहे. ती राखणारा हात शिरूर कासारचा असेल, की कोयता गेला आणि यंत्राचं कामही बाहेरचेच करून गेले, असं होईल? आयटीआयला ट्रॅक्टर मेकॅनिकचा एक वर्षाचा ट्रेड आहे. आपल्या भावंडांना 'काहीतरी कॉम्प्युटरचं कर' सांगताना हेही सांगायला काय हरकत आहे?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावी एखादा ट्रॅक्टर असेलच. त्याची पुस्तिका इंग्रजीत असेल, सीटखाली प्लॅस्टिकच्या पिशवीत असेल, आणि ती कुणीही उघडलेली नसेल. पुढच्या सुट्टीत तिच्यातलं एकच पान मराठीत उतरवून द्या : कुठलं ऑइल, किती, किती तासांनी बदलायचं, फिल्टर कुठे आहे. लॅमिनेट करा आणि शेडच्या भिंतीवर लावा. अर्ध्या तासाचं काम आहे.