घरधंद्याची वही : बयाण्यासाठी बांगड्या द्याव्यात का?

मैत्रिणींनो, सांगली जिल्ह्यातल्या एका भगिनीचं सहा पानी पत्र पुढ्यात आहे. नाव-गाव छापू नका असं तिनं बजावलंय, म्हणून छापत नाही. तिच्या यजमानांचा ॲम्प्लिफायर आणि स्पीकरचे खोके बनवण्याचा छोटा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घरामागची पत्र्याची शेड आणि हाताखाली दोन पोरं. भजनी मंडळं, शाळा, देवळं आणि लहान मंडपवाले ही गिऱ्हाइकं. हिशेबाची वही हिच्याकडे. ट्रान्सफॉर्मर, ट्रान्झिस्टर, स्पीकर असा सगळा माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या एकाच व्यापाऱ्याकडून येतो. चौदा वर्षांचा संबंध. आधी वडील बघायचे, आता मुलगा बघतो.

गेली दोन वर्षं या मुलाचं गणित बिघडलंय. दहा नग मागवले की सहा येतात. फोन केला की "वहिनी, उद्या निघतंय." कधी मागितला त्यापेक्षा वेगळाच माल. गेल्या गणपतीत पार्सल पोचलं हरतालिकेच्या संध्याकाळी. तोवर तीन मंडळांनी दुसरीकडून सेट आणले होते. आता तो म्हणतो, हंगामाच्या मालासाठी साठ हजार आगाऊ पाठवा, नाहीतर भाव वाढेल. यजमानांनी हिच्या चार बांगड्या गहाण टाकायला मागितल्यात. ती लिहिते, "आजवर ह्यांना कशालाच नाही म्हटलं नाही. आता काय करू?"

माझं मत आधीच सांगते. या बयाण्यासाठी बांगड्या देऊ नका.

धंद्याला बायकोनं दागिना देऊच नये असं मी म्हणत नाही. आपल्यातल्या कितीतरी जणींच्या पाटल्यांवर पिठाच्या गिरण्या उभ्या राहिल्यात. पण बांगड्या ठेवून माल घरात येत असेल तर ती एक गोष्ट, आणि बांगड्या ठेवून नुसता शब्द येत असेल तर ती दुसरी. बयाणा म्हणजे तुम्ही व्यापाऱ्याला दिलेलं बिनव्याजी कर्जच. व्याज तुम्ही सोनेतारण देणाऱ्याला भरणार आणि पैसा तो वापरणार. कुणी सांगावं, तुमच्या बयाण्यातून तो आधीच्या कुणाचा तरी अडकलेला माल सोडवत असेल. त्यालाही अडचणी असतील. परदेशातून येणारा माल अडकतो, भाव वरखाली होतात. त्या मुलाला मी लबाड म्हणत नाही. पण त्याची अडचण तुमच्या हातातल्या सोन्यानं का भागवायची?

शिवाय स्त्रीधन हे बाईच्या मालकीचं असतं, हे सर्वोच्च न्यायालयानं १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आणि २०२४ साली पुन्हा स्पष्ट केलं. अडचणीत नवऱ्यानं ते वापरलं तरी परत करण्याची जबाबदारी त्याच्यावर राहते. जेवणाच्या ताटावर कायदा काढायचा नसतो हे मलाही कळतं. पण आपलं मन घट्ट व्हायला माहीत असलेलं बरं.

आता यजमानांशी बोलायचं कसं? "तुमचा तो व्यापारी" अशी सुरुवात केलीत की ते त्याची बाजू घेणार, हे ठरलेलं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. वर्गातला मुलगा दांड्या मारतो हे पालकांना नुसतं सांगून पटत नाही. हजेरीपट पुढे ठेवला की पटतं. तसा या व्यापाऱ्याचा हजेरीपट करा. दोन वर्षांची बिलं काढा, वहीत रेघा मारा. मागणी कधी दिली, त्यानं कोणती तारीख सांगितली, माल आला कधी, किती नग कमी, किती खराब, आणि त्यापायी कुठलं काम हातचं गेलं. शेवटच्या रकान्याला कंटाळा करू नका. पोरं बसून राहिली त्या दिवसांची मजुरीही त्यातच मांडा. वही यजमानांपुढे ठेवा आणि चहा टाकायला आत जा. आपण समोर बसलो की पुरुषमाणसं वही वाचत नाहीत, आपलं तोंड वाचतात.

वही करताना जीएसटीचं विसरू नका. (तुम्ही कंपोझिशन योजनेत असाल तर हे सोडून पुढे जा.) या मालावर १८ टक्के कर आहे, म्हणजे साठ हजारांच्या मालावर १०,८०० रुपये. व्यापाऱ्यानं बिल आपल्या विवरणात दाखवलं तरच ते दर महिन्याच्या १४ तारखेला तुमच्या २-बी पत्रकात उतरतं, आणि १ जानेवारी २०२२ पासून तिथं उतरलेल्या बिलाचीच वजावट मिळते. माल उशिरा आणि बिल भरलेलंच नाही, असा दुहेरी फटका बसतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर व्यापाऱ्याचा क्रमांक घातला की तो विवरणं वेळेवर भरतो की नाही हे कुणालाही फुकट बघता येतं. साठ हजार पाठवण्याआधी हे पाच मिनिटांचं काम जरूर करा.

खराब मालाबद्दल तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, "सेट महिन्याभरात जळून परत येतात." माझ्या मते खरं दुखणं इथंच आहे. उशीर डोळ्यांना दिसतो, हे दिसत नाही. आमचे धाकटे भाऊजी याच दुरुस्तीच्या कामात आहेत. रविवारी त्यांच्या टेबलाशी बसून मी जे बघितलं ते सांगते. यातलं बरंचसं घरातल्या बाईला सहज जमण्यासारखं आहे.

ट्रान्सफॉर्मर आला की स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. जुना, चांगला चाललेला त्याच मापाचा एखादा असेल तर त्याचं वजन लिहून ठेवलेलं असावं. हल्ली तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार गुंडाळतात; तिचा रंग वरून तांब्यासारखाच दिसतो. ॲल्युमिनियम तांब्याच्या जवळजवळ एक तृतीयांश वजनाचं, त्यामुळे काटा लगेच चुगली करतो. शंका आली तर तारेचं टोक ब्लेडनं खरवडा. आत पांढरं निघालं की समजायचं. असा ट्रान्सफॉर्मर त्याच मापात जास्त तापतो, आणि रात्रभराच्या भजनात जीव सोडतो.

स्पीकरवर आठ ओहम लिहिलेलं असतं, पण मीटर साधारण सहा-सात दाखवतो. तेवढ्यावरून खराब म्हणून परत पाठवू नका, ते बरोबरच आहे. मीटरनं साडेतीन दाखवलं तर मात्र आठऐवजी चार ओहमचा गळ्यात मारलाय. आठ ओहमसाठी बनवलेल्या ॲम्प्लिफायरला तो जोडला की ट्रान्झिस्टर जळतात, आणि गिऱ्हाईक दोष देतं तुमच्या यजमानांच्या हाताला. घड्याळाचा दीड व्होल्टचा सेल घेऊन त्याची अधिक बाजू स्पीकरच्या लाल खुणेला क्षणभर टेकवा. कागदी पडदा पुढे यायला हवा. मागे गेला तर खूण उलटी. असे दोन उलटसुलट एका खोक्यात बसले की ढोलकीचा भरीव आवाजच नाहीसा होतो.

ट्रान्झिस्टरचं काम जरा अवघड. ५२०० आणि १९४३ ही तोशिबाची प्रसिद्ध जोडी, आणि तिचे नकली नगही बाजारात उदंड. ते मीटरवर पास होतात, हळू आवाजात गातात, आणि मांडवात आवाज चढवला की फुटतात. भाऊजी प्रत्येक लॉटमधला एक नग बळी देतात. तो फोडून आतली चकती खात्रीच्या नगाच्या चकतीशी ताडून बघतात. नकलीत ती बारीकशी असते. एक नग वाया जातो खरा, पण बाकीचे वाचतात.

तपासणी पार्सल आल्यावर लगेच करा. महिनाभर कोपऱ्यात ठेवू नका. १९३० च्या वस्तूविक्री कायद्यानुसार चुकीचा किंवा कमी माल नाकारता येतो; पण वाजवी मुदतीत कळवलं नाही तर तो स्वीकारला असंच धरलं जातं. आणि कळवायचं ते लिहून. फोनवरचं "हो वहिनी, बघतो" वाऱ्यावर जातं. व्हॉट्सॲपवर एवढंच लिहा : "अमुक बिलाचा माल आज मिळाला. दहापैकी सहा नग आले. त्यांतले दोन चार ओहमचे आहेत, फोटो सोबत आहेत. हे दोन परत घ्या, उरलेले चार अमुक तारखेपर्यंत पाठवा, नाहीतर त्यांची रक्कम परत करा." रागाचा एकही शब्द नको.

चौदा वर्षांचा संबंध एकदम तोडा असंही मी म्हणणार नाही. व्यापाऱ्याला सांगा, मागणीचे तीन भाग करू. पहिल्या भागाला चौथाई रक्कम आगाऊ, उरलेली ट्रान्सपोर्टची पावती हातात पडल्यावर. पहिला भाग पूर्ण आणि चांगला आला तरच दुसऱ्याचे पैसे. भाव थोडा चढला तरी चालेल, तो हिशेबात धरता येतो. हरतालिकेला आलेलं पार्सल धरता येत नाही. एवढ्याला तो तयार नसेल तर त्याचं उत्तर मिळालंच.

आणि दुसरा व्यापारी आताच बघा, हंगामाच्या तोंडावर नको. पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली तुम्हाला मुंबईहून जवळ. सकाळच्या गाडीनं जाऊन माल डोळ्यांनी बघून संध्याकाळी परत येता येईल. आधी थोडाच, नमुन्यापुरता आणा. ट्रान्सफॉर्मर तर मोटारी गुंडाळून देणारा एखादा कारागीर तुमच्या तालुक्यात असेल, त्याच्याकडून करून बघा. तार तुमच्यादेखत गुंडाळली जाईल.

तारखा मात्र उलट्या मोजा. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला, तर २०२६ साली अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला. दोन्हींत अठरा दिवसांचा फरक. "दरवर्षीसारखं" म्हणून चालत नाही, पंचांग बघावं लागतं. मंडळं आठवडाभर आधी सेट नेतात, बनवायला महिना लागतो, खराब नग बदलून आणायला पंधरा दिवस. म्हणजे चतुर्थीच्या आधी दोन महिने माल शेडमध्ये हवा आणि मागणी त्याच्याही महिनाभर आधी. पापड आपण उन्हाळ्यात लाटतो, पाऊस सुरू झाल्यावर नाही.

वही दाखवल्यावर यजमान काय म्हणाले ते कळवा. आणि ट्रान्सफॉर्मरचं वजन काय भरलं, तेही लिहा.